बिबट्याच्या बझरची डबी

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी.
कुत्रं गेलं. साखळी खुंट्याला तशीच आहे, पट्टा तुटलाय, आणि अंगणातून उसाच्या बांधापर्यंत मातीत ओढल्याची रेघ. शेजारचा गोरख येऊन पाहून गेला. मादी आहे म्हणाला, बरोबर पिलंही असतील. त्याला ठशांवरून सगळं कळतं. मला एवढंच कळलं की खुंट्यापासून गोठा वीस पावलं आणि गोठ्यापासून आमचं दार बारा पावलं. दोनदा मोजलं.
गोठ्यात एक गाय, एक शेळी. ठकू पहाटे आणि संध्याकाळी धार काढायला तिथेच जाते.

दुपारी.
आदेशचा भोसरीहून फोन. पोराचा आवाज फोनवर फार बारीक येतो. कंपनीत काम करून छाती कमजोर झाली असावी. शेवटी ठकूनेच फोन घेतला आणि नंतर माझ्याजवळ येऊन एकेक शब्द सुटा करून सांगितलं. आईला इकडे पाठवा, असं तो म्हणतो. ती संक्रांतीपर्यंत थांबणार. तोवर गोठ्याचा काही बंदोबस्त झाला तर इथेच महाळुंगे पडवळला, नाही तर भोसरी.
ठकूशी लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. या घरात मी एकट्याने जेवल्याचं मला आठवत नाही.
निश्चय: संक्रांतीच्या आत अलार्म लावायचा.

३ डिसेंबर, मंगळवार.
सर्किटची काळजी नाही, ते तयार आहे. गिरणी बंद केल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून मी मोबाइलवर व्हिडिओ बघून हेच शिकतोय. सातवी नापास माणसाला सोल्डरिंग येतं यावर गावात कोणाचा विश्वास बसत नाही. समोर काही हललं की सेन्सरला कळतं, लाल दिवा लागतो आणि बझर वाजतो. खरा प्रश्न डबीचा. उसाला पाणी सुटलं की अंगणात दव उतरतं आणि उघडं सर्किट दोन दिवसांत गंजतं. मागचं तसंच गेलं.
गोरख म्हणतो, इलेक्ट्रिकच्या दुकानात तयार डबी मिळते. ठकू म्हणते, श्रीखंडाचा डबा रिकामा आहे, घ्या. बिबट्यासमोर श्रीखंडाचा डबा? डबी मी स्वतः ओतणार. साचा करायचा, त्यात पातळ प्लॅस्टिक ओतायचं, घट्ट झालं की डबी बाहेर. व्हिडिओतल्या माणसाला अकरा मिनिटं लागली. मी चार दिवस धरलेत. घाई नको.

५ डिसेंबर, गुरुवार.
जुन्नरला जाऊन आलो. जाताना एसटीत उभा, येतानाही उभा, गुडघे सुजलेत. बाजारपेठेत अरिहंतच्या दुकानात ते पातळ प्लॅस्टिक, म्हणजे रेझिन, मिळतं. त्याची बायको रीना रेझिनच्या नावाच्या पाट्या आणि कीचेन करून मोबाइलवर विकते, म्हणून माल ठेवलाय. दोन बाटल्या असतात. एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर. दोन भाग हे, एक भाग ते. रीनाने बजावलं, काका, वजनकाट्यावरच मोजा, अंदाजाने घालू नका, आणि हळूहळू ढवळा. एकच गोष्ट चार वेळा सांगितली. चांगल्या घरची सून आहे, पण फार ओरडून बोलते.
मी तिला सांगितलं, चाळीस वर्षं मी दळणाचा डबा नुसता उचलून वजन सांगत होतो. ती हसली. पटलं असावं.

७ डिसेंबर, शनिवार.
साचा पहिला. नमुन्याला ठकूची मिश्रीची डबी घेतली, सर्किट तिच्यात बरोबर मावतं. न्हाणीतल्या फटी बुजवायचं नळीतलं सिलिकॉन आणि मक्याचं पीठ एकत्र मळून तो गोळा नमुन्याभोवती थापायचा. व्हिडिओत पाकिटातलं कॉर्नफ्लोअर होतं. गिरणीवाल्याने पीठ विकत आणायचं? घरच्या जात्यावर मका दळला. जरा जाडसर आलाय. उलट मजबुती येईल.

८ डिसेंबर, रविवार.
नमुन्याला आधी व्हॅसलीन लावायचं असतं. ते व्हिडिओच्या शेवटी सांगतात. ही पद्धत चुकीची आहे.
ठकू सकाळपासून मिश्री शोधतेय.

९ डिसेंबर, सोमवार.
साचा फाडून डबी काढावी लागली. झाकण पिचलं. ठकू काहीतरी म्हणाली, मला विचारायचं तरी, असं काहीसं. अलीकडे ती तोंडातल्या तोंडात बोलते. घशाच्या डॉक्टरला दाखवायला हवं. या वयात बायकांचा आवाज बसतो, मी ऐकलंय.

१६ डिसेंबर, सोमवार.
दुसऱ्या साच्यात शुक्रवारी रेझिन ओतलं. पळीने मोजून. आज चौथा दिवस, अजून काकवीसारखं आहे. त्यात सतरा मुंग्या आणि कोंबडीचं एक पीस. थंडीमुळे आहे. रीनाला फोन लावला तर ती पुन्हा वजनकाटा वजनकाटा करायला लागली, एवढं कळलं. मी फोन ठेवला.

१९ डिसेंबर, गुरुवार.
तिसरी. थंडीला पुरून उरावं म्हणून हार्डनर दुप्पट घातला. धूर. पेला वितळून ओट्यावर सांडला, ओटा तडकला. ठकू पदर नाकाला लावून धावत आली आणि तिने खिडक्या उघडल्या. नंतर बराच वेळ माझी पाठ चोळत होती. मला दमा नाही, पण बरं वाटलं.
बिबट्या काल गोरखच्या विहिरीवर दिसला. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली, गोठ्याला जाळी बांधा, अंगणात उजेड ठेवा, बाई आत असली की बाहेर एकाने बसा. जाळी गोरखने बांधून दिली. दाराच्या बाजूला कमी पडली.

२४ डिसेंबर, मंगळवार. दुपारी दीड वाजता.
जमली. चौथी डबी जमली. मक्याच्या कण्यांमुळे देवीचे व्रण असावेत तशी दिसते, पण डबी आहे. बोटाने वाजवून पाहिली, टणक.
तीन वाजता.
सर्किट बसवून गोठ्याच्या भिंतीला लावली. समोर हात हलवला. दिवा लागला. आवाज नाही. पुन्हा हलवला. दिवा लागला. आवाज नाही. इतक्यात ठकू कानांवर हात ठेवून गोठ्यातून बाहेर आली. माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, “वाजतंय की ओ. कान फाटला माजा.”
धीर द्यायला म्हणाली. सेहेचाळीस वर्षांत तिने माझं मन मोडलेलं नाही. पण खोट्या कौतुकाने बिबट्या अडत नाही. डबीची भिंत जाड झालीय, आवाज आत कोंडतोय. नवीन साचा लागणार.

५ जानेवारी, रविवार.
पाचवी. भिंत पातळ, समोर नऊ भोकं. फक्त घाईत स्विच आतच राहिलं, चालू स्थितीत, आणि झाकण रेझिनने चिकटून बसलं. हरकत नाही, आवाज तरी कुठे येतोय. भिंतीला लावली आणि रेझिन आणायला जुन्नरची गाडी पकडली.
संध्याकाळी परत आलो तर डबी भिंतीवर नाही. ठकूने ती गोधडीत गुंडाळून धान्याच्या कोठीत ठेवली होती, वर पोतं. गोठ्यातली कोंबडी हलली तरी ती वाजते म्हणे, आणि कोंबडी दिवसभर हलतच असते. गाईने अर्धंच दूध दिलं. गोरखची आई बयाबाई दुपारी येऊन बरंच बोलून गेली. हे सगळं मला ठकूने हातवारे करून सांगितलं. मी कोठी उघडून, गोधडी सोडून डबीला कान लावला. काही नाही. बॅटरी संपलीय म्हणाली. असेल.

९ जानेवारी, गुरुवार.
गोरख बांधावर उभा राहून ओरडत होता, म्हणून शब्द नीट कळले. “आप्पा, डबीला काय झालेलं न्हाई. तुमच्या कानाला झालंय.” वर बायकांसमोर.
रेझिनच्या वासाने त्याचं डोकं फिरलंय. माझे कान चाळीस वर्षं गिरणीच्या घरघरीत तयार झालेत, लोहाराच्या हाताला चटका बसत नाही तसे. शेवटची सात-आठ वर्षं तर गिरणी इतकी छान लागली होती की तिचा आवाजच येत नसे. आणि मुख्य म्हणजे माझं सगळीकडे लक्ष असतं. या गावात चिमण्या राहिलेल्या नाहीत, हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? माझ्या. पूर्वी सकाळी कलकलाट असायचा, आता टिपूसभर आवाज नाही. दिसतात त्या मुक्या. औषधफवारणीचा परिणाम. नवीन कुकरही शिट्टी न देणारा निघाला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
आदेश आणि सूनबाई तेजस्विनी गाडी घेऊन आले. गाडीच्या डिकीत त्यांनी जागा रिकामी ठेवली होती, ते मी पाहिलं. पोळी एकच खाल्ली.
ठकू त्या दोघांशी ओसरीवर बोलली. मग आत येऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, मी जात न्हाई. भिंतीवर परवा लावलेली सहावी डबी आहे, ती वाजते, तिला ऐकू येते, तेवढं पुरे. स्विचही बाहेर आहे. फक्त एक करा. “मी गोठ्यात असले की तुमी अंगनात बसत जा. दुसरं कायबी नगं.”
एवढंच. कबूल केलं. तेजस्विनीने जाताना तिळगूळ दिला आणि कानाच्या तपासणीचा नारायणगावचा पत्ता लिहिलेला कागदही. कागदाच्या मागच्या बाजूला सातव्या डबीचं डिझाइन काढलं.

१५ जानेवारी, बुधवार.
ठकूला पुरे, पण मला नाही. तिच्या जिवाची गोष्ट आहे. उद्या तीही झोपेत असेल, आजारी असेल, तेव्हा आवाज मला यायला हवा. सातव्या डबीला पुढे कर्णा असेल, लग्नातल्या भोंग्यासारखा.
निश्चय: १. रोज दोन्ही वेळा अंगणात बसणे. २. कर्णा. ३. चिडायचं नाही.

२६ जानेवारी, रविवार.
रोज बसतो. एकही दिवस चुकलेला नाही. बसल्या बसल्या हात रिकामे राहतात म्हणून साच्याचं काम तिथेच नेलं. एक पंथ दोन काजं झाली. ठकूचा चेहरा निवळलाय. काल चरवी घेऊन बाहेर येताना चक्क हसली, आणि मी विचारलं काय झालं, तर म्हणाली तुमच्या मिशीला प्लॅस्टिक लागलंय. कात्रीने काढावं लागलं. अर्धी मिशी गेली.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
कर्णा साच्यातून निघताना तुटतो. तीन वेळा तुटला. काळजीने रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही. सहावी वाजते असं सगळे म्हणतात आणि मला तर फक्त दिवा दिसतो. संपूर्ण गाव मिळून एका माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलेल का? ठकूसाठी बोलेलही. तिचं सगळ्यांशी चांगलं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
लिहून ठेवतो.
संध्याकाळचे सहा. चांगला उजेड होता. ठकू धार काढायला गोठ्यात. मी ठरल्याप्रमाणे अंगणात खुर्चीवर. सातवी डबी कर्ण्यासकट अखंड निघाली होती, तिची कड पॉलिश पेपरने घासत होतो. मावळतीचं ऊन हातावर यावं म्हणून खुर्ची फिरवली होती, त्यामुळे गोठा पाठीशी आला.
कोणीतरी माझा खांदा धरून गदागदा हलवलं. गोरख. हातात कुऱ्हाड, दोन शेतं ओलांडून पळत आलेला. मी विचारलं, काय झालं. तो गोठ्यात घुसला.
शेळी नव्हती. ठकू गव्हाणीच्या कोपऱ्यात गाईच्या आड बसलेली, चरवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. खरचटलंसुद्धा नाही. तिच्या डोक्यावर भिंतीवरच्या सहाव्या डबीचा लाल दिवा लागत होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
कारण सापडलं. सहाव्या साच्यात भोकं डाव्या अंगाला पडली होती, म्हणजे गोरखच्या शेताकडे. आवाज सगळा तिकडे गेला, म्हणून त्याला दोन शेतांवरून आला आणि मला बारा पावलांवर नाही. चूक साच्याची आहे. सुधारता येईल.
हे ठकूला सांगायला गेलो. तिने माझी हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि लहान पोराला सांगावं तसं सावकाश म्हणाली, “मी हाका मारत व्हते. त्यो बझर वाजत व्हता आन् मी हाका मारत व्हते. तुमी डबी घासत व्हता.”
मी भोकांचं सांगितलं. तिने हनुवटी सोडली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
आदेश आला. ठकूने लुगडी, औषधं आणि नवी मिश्रीची डबी घेतली. भांडण नाही, रडणं नाही. मी म्हणालो, आठवी डबी आठ दिवसांत होईल. तिने आदेशला कागदावर लिहायला लावलं, म्हणजे माझा काही घोटाळा नको. कागद इथेच डायरीत ठेवलाय. “कानाचं मशीन बसवून घ्या. पाडव्याला मी येते. कानात मशीन असलं तर तिथंच राहीन. नसलं तर मला पुन्हा बोलवू नका.”
अक्षर आदेशचं. शब्द तिचे.

१४ फेब्रुवारी.
गाय गोरखच्या गोठ्यात पाठवली.

१५ फेब्रुवारी.
भाकरी थापली. मधे गेली.

१७ फेब्रुवारी.
उभ्यानेच जेवलो. बसून जेवलं की समोर बघावं लागतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
नारायणगावला कानाची तपासणी. मी केवळ ठकूच्या शब्दाखातर गेलो. मुलीने काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. आवाज काही केल्या आला नाही, त्यांचं मशीन जुनं होतं. पण मुलगी काचेपलीकडून दिसत होती. ती मान खाली करी तेव्हा मी बटण दाबत गेलो. चांगले मार्क पडले असं वाटलं. नंतर तिने माझी पाठ तिच्याकडे करायला लावली आणि पुन्हा घेतली.
दोन्ही कान गेलेत म्हणे. बारीक, उंच आवाज तर अजिबात नाही. कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ नाणेघाटासारखी खाली जाते.
हे खरं धरलं तर बझर वाजत होता.
खरं धरलं तर. मशीन जुनं होतं.

३ मार्च, सोमवार.
कानाच्या मशीनला माझ्या कानाच्या मापाचा प्लॅस्टिकचा तुकडा लागतो. तो करण्यासाठी मुलीने कानात आधी दोरा बांधलेला कापूस सरकवला, मग पिचकारीने गुलाबी सिलिकॉन भरलं आणि पाच मिनिटं हलू नका म्हणून बसवून ठेवलं. तीन महिने मी साचे करतोय, पण नमुना होऊन बसायची ही पहिलीच वेळ. व्हॅसलीन तिने कमी लावलं, माझ्या मते. गोळा बाहेर आला तो वाळलेल्या आल्याच्या तुकड्यासारखा. आतून माझा कान असा दिसतो. उजव्या कानाच्या गोळ्यात बुडबुडा निघाला म्हणून तिने तो टाकून दुसरा घेतला. टाकलेला मी टोपलीतून उचलला.
तुकडे पुण्याहून ओतून येणार. दोन-तीन आठवडे. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साचा, रेझिन, ओतणे. हे तर माझंच काम. पुण्यातल्या माणसाने माझा कान पाहिलेलासुद्धा नाही. आणि वेळेत आलं नाही तर? पाडवा तीस तारखेला. मी मुलीला सांगितलं, पाठवू नका, फक्त मशीन द्या, तुकड्याचं मी बघतो. ती खूप काही बोलली. बहुतेक ऐकू आलं नाही.
ठकू येईल तेव्हा माझ्या कानात मी ओतलेली डबी असेल. तिला कळेल की ते चार महिने वाया गेलेले नव्हते.

१० मार्च, सोमवार.
उजव्या गोळ्याचा बुडबुडा मेणाने बुजवून साचा घेतला. उत्तम. इतका चांगला साचा आजवर झाला नव्हता. या वेळी पीठ बाजारातलं आणलं. वजनकाटाही आणला, त्याचा सेल मिळाला नाही.

१८ मार्च, मंगळवार.
उजवा तुकडा निघाला. नळीचं भोक सरळ पडलं. हाताला किंचित चिकट लागतो. अंगाच्या उष्णतेने कडक होईल.
डाव्या कानाचा नमुना माझ्याकडे नाही. पण कृती पाहिलेली आहे.

१९ मार्च, बुधवार. सकाळी.
डाव्या कानात व्हॅसलीन भरपूर लावलं. दोरा बांधलेला कापूस विसरलो. नळीतलं सिलिकॉन आणि पीठ. आंबट वास, जरा आग होतेय. उजव्या कानात तयार तुकडा बसवलाय, म्हणजे एका वेळी दोन्ही कामं. पाच मिनिटं हलायचं नाही. हे न हलता लिहितोय.

दुपारी.
डावा निघत नाही.

संध्याकाळी.
उजवाही.

२० मार्च, गुरुवार.
गोरखच्या मोटारसायकलवर मंचरला डॉक्टरकडे. तासभर चिमटे, ड्रॉपर, पिचकारी. गोरखने माझं डोकं धरलं होतं. डॉक्टरांनी ट्रेमधले तुकडे दाखवले आणि कागदावर लिहिलं: दोन्ही कानांना आतून जखमा, तीन महिने कानात काहीही घालायचं नाही, मशीनही नाही. “काहीही”च्या खाली दोन रेघा.
येताना गोरख वाटेत थांबला, चहा पाजला. काही बोलला नाही. किंवा बोलला असेल.

२५ मार्च, मंगळवार.
तीन महिने म्हणजे जून. आदेशला मोबाइलवर लिहून पाठवलं, थोडा उशीर होतोय, तांत्रिक अडचण आहे, पाडव्याऐवजी वटपौर्णिमेला या. त्याचं उत्तर: आई पाडव्यालाच येणार म्हणतेय.
विचार केला, एवढं मोठं काही नाही. समजावून सांगता येईल. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तीन महिने म्हणजे काहीच नाहीत. डॉक्टरांचा कागद आहे, मी प्रयत्न केला याचा तो पुरावा आहे. तो समोर ठेवायचा.
ओटा पुसला. तडा दिसू नये म्हणून वर पेपर अंथरला.

२९ मार्च, शनिवार.
गुढीची काठी धुऊन ठेवली. कडुलिंब आणला. साखरेच्या गाठी दोन आणल्या, तिला पांढरी आवडते. भाकरी आता बऱ्यापैकी गोल येते, हे तिला सांगायचं. अंगणातली खुर्ची गोठ्याकडे तोंड करून ठेवलीय.
साचे, बाटल्या, उरलेल्या चारही डब्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या. पुन्हा हात लावायचा नाही. हा शेवटचा निश्चय.

३० मार्च, रविवार. पाडवा.
साडेदहाला आले. दोन्ही कानांत कापसाचे बोळे आणि वरून पट्टी, त्यामुळे गाडी आल्याचं मला गुढीजवळ सावली हलली तेव्हा कळलं. ठकू अंगणात उभी होती. तिने आधी माझा उजवा कान पाहिला, मग पलीकडे येऊन डावा पाहिला. मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. तिला वाचता येत नाही हे मला माहीत आहे, तरी तिच्याच पुढे केला. आदेशने वाचून दाखवला असावा, कारण त्याचे ओठ बराच वेळ हलत होते. तिचे हलले नाहीत. एकदाही नाही.
ती स्वयंपाकघरात गेली नाही. भाकऱ्या झाकलेल्या तशाच राहिल्या. सरळ देवघरात गेली, दिवा लावला, हात जोडले. मला वाटलं, सणाचं करतेय, म्हणजे राहणार. मी तेल पुढे सरकवलं. मग तिने देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक उचलला, पदराने पुसला, आणि पाटावर अंथरलेल्या लाल फडक्यात ठेवला. मग देवीचा. मग माझ्या आईवडिलांचे दोन टाक. बाळकृष्ण शेवटी. फडक्याच्या चार टोकांची गाठ मारली. कपडेलत्ते कोणी कुठेही नेतं आणि परत आणतं. टाक जिथे जातात तिथे घर जातं, हे मला कोणी ऐकवायला नको होतं.
गाठोडं तिने छातीशी धरलं, चरवी धरली होती तसं, आणि माझ्या अंगाला जवळजवळ घासून बाहेर पडली. तेजस्विनीने गाडीचं दार उघडलं.
मी थांब म्हणालो.
म्हणालो की नुसतं मनात आलं, ते आता नक्की सांगता येत नाही. ती वळली नाही. त्यावरून म्हणालो नसेन.